काचबिंदूची शंका आणि ओसीटी तपासणी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

चष्म्याचा नंबर काढून झाल्यावर डॉक्टर डोळ्यात जरा अधिक वेळ पाहत राहतात आणि म्हणतात, "नसेचा खळगा थोडा मोठा वाटतो, एकदा ओसीटी करून घेऊ." ओसीटी म्हणजे प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याच्या मागच्या पडद्याचे थर मोजणारी तपासणी. हे ऐकून बाहेर पडलेला माणूस एक तर घाबरून जातो, नाही तर ती चिठ्ठी खणात टाकून विसरून जातो. मी आधी चिठ्ठी खणात टाकली आणि काही महिन्यांनी ती हाताला लागल्यावर घाबरले. माझ्या दोन्ही डोळ्यांना उणे साडेसहाचा नंबर आहे आणि गेली सात वर्षे मी 'काचबिंदूची संशयित' या नोंदीखाली तपासणीला जाते आहे. पहिल्या वर्षी मला जे कोणी सांगितले नाही, ते येथे क्रमाने मांडले आहे. निदान करणे आणि औषध ठरवणे हे नेत्रतज्ज्ञांचेच काम आहे. तपासणी नीट व्हावी आणि हातात पडलेला कागद पाहून विनाकारण धास्ती किंवा विनाकारण निश्चिंती वाटू नये, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

१. यंत्र नेमके काय मोजते ते आधी समजून घ्या

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, जे दिसते ते मेंदूपर्यंत नेणारे सुमारे दहा ते बारा लाख चेतातंतू प्रत्येक डोळ्यात असतात. हे तंतू दृष्टिपटलाच्या आतल्या पृष्ठभागावरून चहूकडून येतात, एका गोल जागी जमतात आणि तेथून जुडी करून डोळ्याबाहेर पडतात. ही जुडी म्हणजेच डोळ्याची नस. त्या गोल जागेला डॉक्टर डिस्क म्हणतात आणि तिच्या मध्यभागी जो खोलगट भाग असतो त्याला कप. काचबिंदूत हे तंतू हळूहळू मरतात. त्यामुळे कप रुंदावतो आणि डिस्कभोवतीचा तंतूंचा थर पातळ होत जातो. रिपोर्टवर 'आरएनएफएल' ही जी अक्षरे असतात ती याच थराची.

हा थर मोजण्याचा खटाटोप एवढ्यासाठी, की काचबिंदू दुखत नाही आणि बराच काळ दिसण्यातही फरक पडू देत नाही. नजरेच्या कडेचा तुकडा गेला तरी दुसरा डोळा आणि मेंदू मिळून ती जागा भरून काढतात. मृत्यूनंतर तपासलेल्या डोळ्यांवरील अभ्यासांत असे आढळले आहे, की दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत दोष उमटेपर्यंत त्या भागातील साधारण २५ ते ३५ टक्के चेतापेशी गेलेल्या असू शकतात. अल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवून दिले, की ज्या डोळ्यांत पुढे दृष्टिक्षेत्राचा दोष आला, त्यांपैकी बहुसंख्य डोळ्यांत तंतूंच्या थरातील खाच त्याच्या सुमारे सहा वर्षे आधीच्या छायाचित्रांतच दिसत होती. ती छायाचित्रे लाल रंग वगळलेल्या हिरवट प्रकाशात काढलेली होती आणि ती वाचायला सरावलेली नजर लागत असे.

योगायोग असा, की त्याच १९९१ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये काम करणाऱ्या डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉनसन, जेम्स फुजिमोटो आणि सहकाऱ्यांनी ओसीटीचे तंत्र प्रसिद्ध केले. सोनोग्राफीत ध्वनीचे प्रतिध्वनी पकडतात, तसे यात प्रकाशाचे परावर्तन पकडले जाते. कोणत्या खोलीवरून किती प्रकाश परतला यावरून थरांचा उभा छेद चित्रात उमटतो. आजची यंत्रे सेकंदाला हजारो रेषा टिपतात आणि सुमारे पाच मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारकावा दाखवतात. निरोगी प्रौढात डिस्कभोवतीच्या थराची सरासरी जाडी साधारण ९० ते १०० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम एका केसाएवढी असते. मोजायची वस्तूच इतकी नाजूक असल्यामुळे तपासणीच्या वेळच्या किरकोळ चुकाही आकड्यात उतरतात. पुढची बरीचशी सावधगिरी त्याचसाठी सांगितली आहे.

२. तपासणीची गरज कोणाला, आणि कोणी थांबू नये

चाळिशी ओलांडलेली असेल, आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, उणे नंबर मोठा असेल, डोळ्याला कधी जोराचा मार लागला असेल, किंवा स्टिरॉइड बरेच दिवस घेतले असेल, तर नसेची तपासणी मागून घ्यावी. स्टिरॉइड म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर गोळ्या येतात. डोळ्यात घालायचे थेंब, दम्याचा पंप आणि त्वचेचे मलमही त्यात मोडते.

मात्र डोळा लाल होऊन ठणकत असेल, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसत असतील, मळमळ किंवा उलटी होत असेल आणि नजर एकाएकी धूसर झाली असेल, तर ओसीटीची वेळ ठरवत बसू नका. हा डोळ्यातील कोन, म्हणजे आतले पाणी बाहेर जाण्याची वाट, अचानक बंद झाल्याचा झटका असू शकतो. त्यावर उपचार काही तासांत मिळावे लागतात, म्हणून थेट तातडीच्या विभागात जावे.

३. सोबत काय न्यावे

– चष्म्याचे जुने नंबर, शक्य तितके मागचे. लेसरने नंबर घालवला असेल तर त्याआधीचा नंबर आवर्जून न्यावा.
– डोळ्यावर झालेल्या शस्त्रक्रिया आणि लेसर उपचारांची कागदपत्रे.
– चालू औषधांची यादी, स्टिरॉइडच्या नोंदीसह, आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी असल्यास तिची नोंद.
– आधीचे ओसीटी, फील्ड टेस्ट (दृष्टिक्षेत्राची तपासणी) आणि डिस्कच्या छायाचित्रांचे रिपोर्ट, रंगीत प्रतीत.
– कुटुंबात कोणाला काचबिंदू आहे आणि तो कोणत्या वयात कळला, याची माहिती.
– चालू चष्मा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर त्यांची डबी, कारण लेन्स काढावी लागते.
– गडद चष्मा आणि सोबत एक माणूस. बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सोसत नाही. त्या अवस्थेत वाहन चालवू नये.

लेसरच्या शस्त्रक्रियेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तेथे बहुतेकांचा गैरसमज असतो. लेसरने चष्मा जातो, पण डोळ्याची लांबी पूर्वीइतकीच राहते, म्हणजे मागचा पडदा उणे नंबरवाल्याचाच राहतो. शिवाय पारपटल, म्हणजे कॉर्निया, पातळ झाल्यामुळे डोळ्यातील दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो. "मला नंबर नाही" असे सांगणारा माणूस डॉक्टरांपासून नकळत दोन महत्त्वाच्या गोष्टी लपवत असतो.

४. तपासण्यांचा क्रम विचारून घ्या

ओसीटी एकटी येत नाही. तिच्याबरोबर डोळ्यातील दाब मोजतात, पारपटलाची जाडी घेतात, गोनिओस्कोपीने डोळ्याचा कोन उघडा आहे की अरुंद ते पाहतात, डिस्कचे थेट निरीक्षण करतात आणि फील्ड टेस्ट करतात. दाबाची सर्वसाधारण मर्यादा पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरदरम्यान मानतात, पण दाब या मर्यादेत असूनही काचबिंदू होतो आणि दाब वर असूनही अनेकांना वर्षानुवर्षे काही होत नाही. म्हणून "प्रेशर नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानून उठू नये. पारपटल सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. ते बरेच पातळ असेल तर दाबाचा आकडा फसवा कमी येतो, जाड असेल तर फसवा जास्त.

क्रमाचा मुद्दा मला उशिरा कळला. गोनिओस्कोपीत डोळ्याला भिंग टेकवतात आणि त्यासाठी बहुधा जेल वापरतात. त्यानंतर लगेच ओसीटी केली तर पारपटलावरच्या चिकट थरामुळे चित्र धुरकट येते. फील्ड टेस्टही बाहुली नेहमीच्या आकाराची असताना आणि माणूस ताजातवाना असताना झालेली बरी. म्हणून शक्य असेल तेथे आधी फील्ड टेस्ट, मग ओसीटी, मग डोळ्याला स्पर्श करणाऱ्या तपासण्या आणि शेवटी बाहुली मोठी करणे, हा क्रम सोयीचा पडतो. कोन अरुंद असल्यास बाहुली मोठी केल्याने झटका येऊ शकतो, त्यामुळे थेंब घालण्याआधी कोन पाहिला आहे का, हे विचारायला संकोच करू नका. बाहुली फारच लहान असेल किंवा मोतीबिंदू असेल तर चांगल्या चित्रासाठी ओसीटीआधीच थेंब घालावे लागतात. तेव्हा क्रम बदलतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

५. यंत्रासमोर बसल्यावर

तपासणी दुखत नाही, डोळ्याला काही टेकत नाही आणि क्ष-किरणांचा संबंध नसतो. अवरक्त पट्ट्यातला सौम्य प्रकाश वापरलेला असतो. हनुवटी आधारावर आणि कपाळ वरच्या पट्टीला टेकवून बसायचे. आत एक रंगीत खूण दिसते, बहुधा फुली किंवा तारा, आणि तिच्याकडे टक लावून पाहायचे. मग एक पुसट लाल रेघ नजरेसमोरून सरकते. मोह होतो तो त्या रेघेच्या मागे जाण्याचा, आणि तेथेच चित्र बिघडते. रेघ जाऊ द्यावी, नजर खुणेवरच ठेवावी.

स्टूल आणि यंत्र यांची उंची आधी जुळवून घ्या. मान ताणून किंवा वाकून बसलेला माणूस दहाव्या सेकंदाला हलतोच. डोके तिरके झाले तर डिस्कभोवतीची मोजणी गोल फिरते आणि कानशिलाकडचा भाग वरच्या भागात मोजला जातो. टिपण्याच्या क्षणाआधी दोन-तीन वेळा पापण्या मिटाव्यात म्हणजे अश्रूंचा थर एकसारखा पसरतो, आणि मग काही सेकंद डोळा उघडा धरावा. डोळा कोरडा पडत असेल तर तसे आधीच सांगावे. एका वर्षी माझ्या उजव्या डोळ्याची सरासरी आधीच्या आकड्यापेक्षा ११ मायक्रॉनने खाली आली. रिपोर्टच्या वरच्या ओळीत सिग्नलची प्रत, म्हणजे चित्र किती चांगले आले याचा आकडा, १० पैकी ५ छापलेली होती आणि ते ना मी पाहिले होते ना चित्र काढणाऱ्याने. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला, कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायला सांगितले आणि त्याच दुपारी पुन्हा चित्र काढायला लावले. सिग्नल ८ आला आणि हरवलेले ११ मायक्रॉन परत आले.

तेव्हापासून मी खुर्चीवरून उठण्याआधी एकच प्रश्न विचारते: "दोन्ही डोळ्यांचा सिग्नल किती आला?" पुन्हा चित्र काढायला लागणारा वेळ एखाद-दोन मिनिटांचा असतो, आणि पुढच्या कित्येक वर्षांचे आकडे ज्या चित्राशी ताडून पाहायचे आहेत ते पहिले चित्र तर चांगले यायलाच हवे.

६. रिपोर्टचा कागद कोणत्या क्रमाने वाचावा

बहुतेक जण आधी रंग पाहतात. रंग सर्वांत शेवटी पाहावा.

प्रथम नाव, जन्मतारीख आणि उजवा-डावा डोळा तपासा. जन्मतारीख चुकली तर यंत्र तुमची तुलना भलत्याच वयाच्या लोकांशी करते. त्यानंतर सिग्नल पाहा. एका प्रचलित यंत्रात तो १० पैकी देतात आणि किमान ६ अपेक्षित असतो. दुसऱ्या यंत्रांची मोजपट्टी वेगळी असते, म्हणून तुमच्या यंत्राची किमान मर्यादा विचारून घ्या.

मग चित्र पाहा. डिस्कच्या छायाचित्रावर सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाचे एक वर्तुळ काढलेले असते. थराची जाडी याच वर्तुळावर मोजलेली असते. डिस्क वर्तुळाच्या मधोमध हवी. वर्तुळ एका बाजूला सरकले असेल तर ज्या बाजूला ते डिस्कच्या जवळ गेले तेथे थर जाड मोजला जातो आणि ज्या बाजूला लांब गेले तेथे पातळ, कारण डिस्कपासून दूर जावे तसा थर मुळातच पातळ होत जातो. वर्तुळाच्या खाली जो उभा छेद छापतात, त्यात यंत्राने थराच्या वरच्या आणि खालच्या कडेवर दोन रेषा आखलेल्या असतात. या रेषा थराला धरून चालल्या आहेत का, हे साध्या डोळ्यांनीही दिसते. रेष मध्येच कोसळली असेल, किंवा आलेख एका जागी सरळ शून्यावर आदळला असेल, तर तेथे तंतू गेलेले नसून चित्र कापले गेले आहे किंवा यंत्राची कड चुकली आहे. काचबिंदू झालेल्या डोळ्यातही थर शून्य होत नाही. तंतू बहुतेक गेले तरी आधारपेशी आणि रक्तवाहिन्या उरतात आणि आकडा साधारण ५० मायक्रॉनच्या आसपास अडतो.

आता आलेख. तो कानशिलाकडून सुरू होऊन वर, नाकाकडे, खाली आणि पुन्हा कानशिलाकडे असा डिस्कभोवती फिरतो. डिस्कच्या वर आणि खाली तंतूंच्या जाड जुड्या असल्यामुळे निरोगी डोळ्याच्या आलेखाला उंटाच्या पाठीसारखी दोन वशिंडे दिसतात. काचबिंदू बहुधा याच दोन ठिकाणी पहिल्यांदा लागतो, त्यातही खाली आणि कानशिलाच्या बाजूला अधिक. त्यामुळे वशिंड खचले आहे का, हे पाहणे सरासरीच्या एका आकड्यापेक्षा जास्त बोलके ठरते. दोन्ही डोळ्यांचे आलेख एकमेकांवर ठेवून दाखवलेले असतात, तेही पाहा. निरोगी माणसाचे दोन डोळे बरेच सारखे असतात. सरासरीत सुमारे ९ मायक्रॉनपेक्षा जास्त फरक पडला तर त्याचे कारण शोधावे लागते.

सर्वांत शेवटी रंग. हिरवा, पिवळा, लाल आणि पांढरा या रंगांचा अर्थ एवढाच, की तुमच्या वयाच्या निरोगी लोकांच्या संदर्भसंचात तुमचा आकडा कोठे बसतो. सर्वांत पातळ थर असलेल्या १ टक्क्यात आकडा पडला तर लाल, त्यावरच्या ४ टक्क्यांत पडला तर पिवळा, मधल्या ९० टक्क्यांत हिरवा आणि सर्वांत जाड ५ टक्क्यांत पांढरा. म्हणजे रिपोर्टवरचे कोणतेही एक घर, म्हणजे रंग भरलेला एक भाग, घेतले तरी पूर्ण निरोगी असलेल्या शंभर माणसांपैकी साधारण एकाला तेथे लाल रंग मिळणारच. आणि घर एकच नसते: सरासरी, चार चतुर्थांश आणि घड्याळाच्या बारा तासांचे बारा भाग मिळून एका डोळ्याला १७, दोन डोळ्यांना ३४ घरे होतात. इतक्या घरांत एखादे सुटे लाल घर निघणे हे नवल नाही. लागून असलेली दोन-तीन घरे लाल होणे, तीही खालच्या किंवा वरच्या बाजूला, ही गोष्ट मात्र वेगळ्या वजनाची आहे.

७. लाल दिसले म्हणून रोग नव्हे, हिरवे दिसले म्हणून सुटका नव्हे

माझ्या पहिल्या रिपोर्टवर दोन्ही डोळ्यांत लाल होते. त्या रात्री मी काय काय वाचले ते सांगत नाही. ज्याने त्याने ते आपल्या जबाबदारीवर वाचावे. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी आलेखावर बोट ठेवून दाखवले, की माझी दोन्ही वशिंडे शाबूत होती. ती फक्त कानशिलाकडे सरकलेली होती. मोठा उणे नंबर म्हणजे लांब डोळा, आणि लांब डोळ्यात तंतूंच्या जुड्या कानशिलाच्या बाजूला सरकतात. यंत्र नेहमीच्या जागी उंची शोधते, तेथे उतार सापडतो, आणि ते लाल छापते. त्यात भर म्हणजे लांब डोळ्यात मोजणीचे वर्तुळ प्रत्यक्षात डिस्कपासून जरा दूर पडते, म्हणजे थर मुळातच पातळ असतो त्या जागी. संदर्भसंचही फार मोठे नसतात. एका प्रचलित यंत्राच्या मूळ संचात १८ ते ८४ वयाची २८४ निरोगी माणसे होती. त्यांत मोठ्या नंबरवाले किती थोडे असणार, याचा अंदाज करता येतो. डॉक्टर या फसव्या लालीला 'रेड डिसीज' म्हणतात.

उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि माझ्या मते अधिक धोक्याची, कारण लाल रंग माणसाला दवाखान्यात नेतो आणि हिरवा घरी पाठवतो. ज्याचा थर मुळात ११० मायक्रॉनचा होता, त्याचे १५ मायक्रॉन गेले तरी तो हिरव्यातच राहतो. एखादी अरुंद खाच सरासरीत आणि चतुर्थांशात विरून जाते. अशी खाच पाहायची असेल तर रिपोर्टवरचा जाडीचा रंगीत नकाशा आणि त्याशेजारचा फरकाचा नकाशा पाहावा. डिस्कपासून निघून कमानीसारखी वळत गेलेली लाल पट्टी तेथे दिसते, मग खालची घरे हिरवी का असेनात. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूजवळच्या चेतापेशींच्या थराचेही वेगळे पान असते. मोठ्या नंबराच्या डोळ्यांत डिस्कभोवतीची मोजणी डळमळीत असते, तेव्हा या पानाचा विशेष उपयोग होतो. ते पान मिळाले नसेल तर मागून घ्यावे.

थर खरोखरच पातळ असला तरी कारण काचबिंदूच असेल असेही नाही. नसेचा दाह, नसेचा रक्तपुरवठा तुटणे, दृष्टिपटलातील रक्तवाहिनी बंद होणे, मेंदूतील गाठीचा नसेवर पडणारा दाब, यांपैकी कशानेही तंतू मरतात. कप फारसा वाढलेला नसताना डिस्क फिकट पडली असेल, रंग ओळखणे मंदावले असेल किंवा समोरची नजरच लवकर उतरली असेल, तर डॉक्टर दुसऱ्या दिशेने शोध घेतात. दुसरीकडे, डिस्कच्या कडेवर बारीक रक्तस्राव होणे ही काचबिंदूतली महत्त्वाची खूण आहे आणि ती थराच्या जाडीच्या आकड्यांत उमटत नाही. ती डॉक्टरांच्या नजरेला किंवा रंगीत छायाचित्रातच सापडते. ओसीटी झाली म्हणून डिस्कचे छायाचित्र टाळू नये, ते याचसाठी.

८. फील्ड टेस्टशी मेळ घालून पाहा

फील्ड टेस्टमध्ये समोर टक लावून बसायचे आणि कडेला कोठेही ठिपका चमकला की बटण दाबायचे. नेहमीच्या चाचणीत ५४ बिंदू तपासतात. ठिपके मुद्दाम दिसेल-न दिसेल इतके मंद केले जातात, त्यामुळे आपण अर्धे हुकवतो आहोत असे सर्वांनाच वाटते. घाबरून अंदाजाने बटण दाबत सुटू नये. पहिली चाचणी बहुतेकांची खराबच येते, म्हणून ती पुन्हा करावी लागली तर नाराज होऊ नये.

डोळ्यातील प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे थर खाली पातळ झाला असेल तर दृष्टिक्षेत्राचा दोष वर यायला हवा, आणि थर वर पातळ झाला असेल तर खाली. दोन्ही कागद असे जुळले तर शंकेला बळ येते. ओसीटीत खाली खाच आणि फील्डमध्येही खालीच दोष असे निघाले, तर दोहोंपैकी एक तरी कागद संशयास्पद आहे. ओसीटीत दोष आणि फील्ड स्वच्छ असेल तर ती फसवी लाली असू शकते किंवा अगदी सुरुवातीची अवस्था असू शकते. या दोन शक्यतांतला निवाडा एका भेटीत होत नाही. रोग पुढे गेलेला असेल आणि थर ५० च्या आसपास अडकला असेल, तर ओसीटीचा आकडा पुढची घट दाखवणे थांबवतो. तेथून पुढे फील्ड टेस्टवरच भिस्त ठेवावी लागते.

९. पुढच्या वेळेची तयारी आजच करा

शंका कायम राहिली तर काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात. किती महिन्यांनी, ते दाब, वय, घराण्याचा इतिहास आणि पहिला रिपोर्ट यांवरून ठरते. तोपर्यंत एक नियम कटाक्षाने पाळावा: पुढचे चित्र त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने काढून घ्यावे. वेगवेगळ्या बनावटीची यंत्रे थराच्या कडा वेगळ्या ठिकाणी आखतात, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. तिसऱ्या वर्षी मी दवाखाना बदलला, सरासरी एकदम ८ मायक्रॉनने घटलेली दिसली आणि मी घरी येऊन रडले. घट यंत्रातली होती. जागा बदलावीच लागली तर नव्या ठिकाणचे पहिले चित्र हे नव्याने सुरू झालेल्या वहीचे पहिले पान समजावे आणि जुन्या ठिकाणाहून छापील कागदाबरोबर मूळ चित्रांची फाइलही मागून घ्यावी.

त्याच यंत्रावर, त्याच डोळ्यात, एका आठवड्याच्या अंतराने दोन चित्रे काढली तरी सरासरीत चार-पाच मायक्रॉनपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. वयानुसारही थर थोडाथोडा झिजतो, दहा वर्षांत काही मायक्रॉन. म्हणून दोन रिपोर्टांतल्या तीन मायक्रॉनच्या फरकाने धास्तावू नये, आणि पाच रिपोर्टांत एकाच दिशेने, एकाच जागी चाललेली घसरण "आकडे तर अजून हिरवेच आहेत" म्हणून सोडूनही देऊ नये. बहुतेक यंत्रांत सर्व भेटींची चित्रे एकत्र घेऊन घसरणीची रेष काढणारे पान असते. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर ते मागावे. त्यात एखादे खराब सिग्नलचे चित्र घुसले असेल तर रेष वाकडी होते. ते वगळून पुन्हा काढायला सांगता येते.

औषध सुरू झाले तर त्याचे काम दाब कमी करून पुढची झीज मंदावणे हे असते. गेलेले तंतू परत येत नाहीत, त्यामुळे थेंब वर्षभर नियमित घालूनही थर जाड झाला नाही याचा अर्थ औषध लागू पडले नाही असा होत नाही. आकडा होता तेथे राहिला, तर औषध आपले काम करते आहे.

मी फाइलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर रकाने असे: तारीख, यंत्र, सिग्नल उजवा आणि डावा, सरासरी उजवी आणि डावी, खालच्या आणि वरच्या चतुर्थांशाची जाडी, दाब आणि तो मोजल्याची वेळ, फील्ड टेस्ट विश्वासार्ह होती की नाही. दाबाची वेळ लिहायची ती अशासाठी, की दाब दिवसभर सारखा राहत नाही. भेट संपल्यावर दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी ही एक ओळ भरायची, म्हणजे एखादा आकडा राहून गेला असेल तर तेथल्या तेथे विचारता येतो.